अमेरिकेतल्या फेडरल अपील कोर्टांचे निकाल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत एका इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात फाइली सांभाळते, स्वतः वकील नाही. पण निकालाची एखादी बातमी आली की मराठी मंडळींचे मेसेज सुरू होतात, आणि बहुतेक प्रश्न तेच तेच असतात. फॉरवर्ड वाचून कुणी घाबरून तिकीट रद्द करतं, कुणी खुशीत नोकरीचा राजीनामा देतं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे. यात २०२५ च्या अखेरपर्यंतचे निकाल आहेत. तुमच्या स्वतःच्या केससाठी तुमच्या वकिलांनाच विचारा, कारण दोन केसेस दिसायला सारख्या असल्या तरी फाइल उघडल्यावर सारख्या निघत नाहीत.

१. फेडरल अपील कोर्ट म्हणजे आपलं हायकोर्ट का?

जवळपास, पण अगदी तसं नाही. फेडरल कोर्टांचे तीन मजले समजा. खाली ९४ डिस्ट्रिक्ट कोर्टं, तिथे केस उभी राहते, साक्षीपुरावे होतात. मधे १३ अपील कोर्टं. वर एकच सुप्रीम कोर्ट. आपल्याकडे एखादी रिट थेट हायकोर्टात टाकता येते, इथल्या अपील कोर्टात साधारणपणे तसं चालत नाही, खाली कुणीतरी आधी निर्णय द्यावा लागतो (डिपोर्टेशनची केस मात्र इमिग्रेशन अपील बोर्डाकडून थेट इथे येते, डिस्ट्रिक्ट कोर्टात न जाता). आणि मालमत्ता, घटस्फोट, भाडेकरू असली प्रकरणं इथे येत नाहीत, त्यासाठी प्रत्येक राज्याची वेगळी कोर्टं आहेत.

या मधल्या मजल्याला एवढं महत्त्व का, तर अपील कोर्टांकडे वर्षाला साधारण ४० हजार प्रकरणं येतात आणि सुप्रीम कोर्ट त्यातली साठसत्तरच ऐकतं. म्हणजे जवळजवळ सगळ्यांसाठी अपील कोर्टाचा शब्द हाच शेवटचा शब्द असतो.

२. सर्किट सर्किट म्हणतात ते काय? कोल्हापूरला सर्किट बेंच झालं तसलंच का?

शब्द एकच, मूळ अर्थही एकच, फिरती. पूर्वी अमेरिकेत जज घोड्यावरून, बग्गीतून गावोगाव फिरून कोर्ट भरवायचे, त्या फेरीला सर्किट म्हणायचे. कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं ते मुंबई हायकोर्टाचंच अंग आहे, कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना मुंबईच्या खेपा पडू नयेत म्हणून. अमेरिकेतलं सर्किट म्हणजे मात्र काही राज्यांचा गट आणि त्या गटाचं स्वतंत्र, कायमचं अपील कोर्ट. मुंबई हायकोर्ट महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही बघतं ना, तसं तिसरं सर्किट न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर बघतं.

फरक लक्षात ठेवण्यासारखा एवढाच की कोल्हापूर आणि मुंबई एकाच हायकोर्टाची, पण तिसरं सर्किट आणि पाचवं सर्किट म्हणजे मुंबई हायकोर्ट आणि मद्रास हायकोर्ट, एकाचं दुसऱ्यावर बंधन नाही.

३. ताई मी टेक्ससला राहतो, मला कुठलं सर्किट लागू?

टेक्सस, लुईझियाना, मिसिसिपी म्हणजे पाचवं. आपली माणसं जास्त असलेली बाकीची राज्यं अशी : न्यू यॉर्क आणि कनेटिकट दुसरं, न्यू जर्सी तिसरं, व्हर्जिनिया, मेरीलँड आणि नॉर्थ कॅरोलायना चौथं, ओहायो आणि मिशिगन सहावं, इलिनॉय सातवं, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन राज्य आणि ॲरिझोना नववं, जॉर्जिया आणि फ्लोरिडा अकरावं, बॉस्टनवाले पहिलं. नववं सगळ्यात मोठं, २९ जजांचं. शिवाय नंबर नसलेली दोन आहेत. एक डीसी सर्किट, सरकारी खात्यांच्या नियमांविरुद्धच्या मोठ्या केसेस बऱ्याचदा तिथे जातात. दुसरं फेडरल सर्किट, ते जागा बघत नाही तर विषय बघतं, पेटंट, आयात शुल्क वगैरे.

पण नुसतं राहण्याचं ठिकाण पुरत नाही. सरकारविरुद्ध केस तुमच्या राज्यात घालता येते तशी ज्या खात्याचं ऑफिस जिथे आहे तिथेही घालता येते, म्हणून नेब्रास्कात पाऊलही न ठेवलेल्या कितीतरी भारतीयांच्या ग्रीन कार्डच्या केसेस नेब्रास्कात चालल्या, कारण तिथल्या लिंकन शहरात इमिग्रेशन खात्याचं सर्व्हिस सेंटर आहे. त्याचं काय झालं ते प्रश्न ८ मध्ये.

४. अपील कोर्टात परत साक्षी होतात का? किती जज बसतात?

साक्षी नाहीत, नवे पुरावे नाहीत, ज्युरी नाही. खालच्या कोर्टाची फाइल वर येते, दोन्ही बाजू लेखी म्हणणं देतात, आणि काही केसेसमध्ये तोंडी युक्तिवाद होतो, तोही बऱ्याचदा प्रत्येक बाजूला दहापंधरा मिनिटांचा. आपल्याकडे तारखेमागून तारीख बघितलेल्या माणसाला हे पटत नाही, पण खरंच एकदाच उभं राहायचं आणि जज मधेच तोडून प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं द्यायची. बऱ्याच सर्किटांचं ऑडिओ ऑनलाइन असतं, नवव्याचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत, एक तरी ऐका.

साधारणपणे तीन जज बसतात, दोघांचं मत पडलं की तो निकाल. हे आपल्या डिव्हिजन बेंचसारखं. कधी कधी सगळे जज मिळून पुन्हा ऐकतात, ते आपल्या फुल बेंचसारखं, त्याला इथे एन बँक म्हणतात (नवव्यात २९ जण एकत्र बसवणं जमत नाही म्हणून तिथे साधारण ११ बसतात). याची खरी गंमत प्रश्न १३ मध्ये येईल.

५. एच-४ ईएडी आता कायमचं सेफ झालं ना?

कोर्टातली ती लढाई जिंकली आहे. कायमचं म्हणता येणार नाही.

एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वाल्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला, म्हणजे एच-४ व्हिसावाल्यांना, एच-१बी वाल्याची आय-१४० (कंपनीनं त्याच्या ग्रीन कार्डसाठी भरलेला अर्ज) मंजूर झाली असेल किंवा सहा वर्षांनंतरचं एक्स्टेन्शन मिळालं असेल तर काम करता येईल, असा नियम २०१५ मध्ये आला; ईएडी म्हणजे त्या कामाचा परवाना. कॅलिफोर्नियातल्या एका वीज कंपनीत आपल्या नोकऱ्या एच-१बी वाल्यांमुळे गेल्या असं म्हणणाऱ्या आयटी कामगारांच्या ‘सेव्ह जॉब्ज यूएसए’ या गटानं नियम येतानाच केस घातली. कायद्यात एच-४ ला काम करू द्या असं कुठेही लिहिलेलं नाही, मग खात्यानं स्वतःच्या मनानं परवानगी कशी दिली, हा त्यांचा मुद्दा. २०२३ मध्ये डिस्ट्रिक्ट कोर्टात ते हरले, २ ऑगस्ट २०२४ ला डीसी सर्किटमध्येही हरले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं केस ऐकायला नकार दिला.

जवळजवळ दहा वर्षं! या दहा वर्षांत आमच्या ऑफिसात आलेल्या बायका मला आठवतात. पुण्यात दहा वर्षं टीम सांभाळलेली एक आर्किटेक्ट होती, ती दर दोन-तीन महिन्यांनी फोन करून एवढंच विचारायची की “केस अजून चालू आहे का हो?” तिनं घराचं लोन काढायचं थांबवलं होतं, कारण तिचा पगार धरला तरच हप्ता बसत होता. निकालाच्या दिवशी मी तिला पीडीएफमधली एकच ओळ वाचून दाखवली, खालच्या कोर्टाचा निर्णय कायम, आणि पलीकडून बराच वेळ आवाजच आला नाही.

आता ‘कायमचं’ का नाही ते. कोर्ट एवढंच म्हणालं की असा नियम करायचा अधिकार खात्याला आहे. नियम ठेवलाच पाहिजे असं म्हणालं नाही. रीतसर प्रक्रिया करून खातं तो मागेही घेऊ शकतं. आणि ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या रिन्युअल अर्जांना पूर्वीसारखं ५४० दिवसांचं आपोआप एक्स्टेन्शन मिळत नाही, हा बदल कोर्टाचा नाही, खात्याचा आहे. त्यामुळे रिन्युअल जितकं लवकर भरता येतं तितकं लवकर भरा.

६. मुलगा एमएस करतोय, ओपीटी बंद होणार असं वाचलं, कोर्टानं काय ठरवलं?

ओपीटी (शिक्षण संपल्यावर स्टुडंट व्हिसावरच काही काळ काम करायची मुभा) वैध आहे असं डीसी सर्किटनं ऑक्टोबर २०२२ मध्ये ठरवलं, दोन विरुद्ध एक. वॉशिंग्टन राज्यातल्या टेक कामगारांच्या संघटनेची ती केस होती, त्यांचं म्हणणं स्टुडंट व्हिसा शिकण्यासाठी आहे, शिक्षण संपल्यावर नोकरीसाठी कसा. कोर्ट म्हणालं की व्हिसावर प्रवेश देताना किती काळ आणि कुठल्या अटींवर राहायचं ते ठरवायचा अधिकार कायद्यानं खात्याला दिला आहे, आणि शिकलेल्याचा सराव ही त्या व्हिसाशी जोडलेलीच गोष्ट आहे. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं यातही हात घातला नाही.

प्रश्न ५ मधला एच-४ चा निकाल याच निकालाच्या पायावर उभा आहे. मधल्या काळात, जून २०२४ मध्ये, सुप्रीम कोर्टानं खात्यांनी लावलेल्या कायद्याच्या अर्थाला कोर्टांनी मान द्यायची चाळीस वर्षांची शेव्हरॉन नावाची पद्धत मोडून काढली, तेव्हा आता हे दोन्ही कोसळणार असं सगळीकडे लिहून आलं होतं. पण डीसी सर्किट म्हणालं की ओपीटीच्या निकालात आम्ही खात्याच्या शब्दावर विसंबलो नव्हतो, कायदा आमचा आम्ही वाचला होता. म्हणून तो टिकला. जिंकण्याचं कारण किती महत्त्वाचं असतं त्याचं हे उदाहरण मला फार आवडतं.

धोका इथेही तोच, नियम बदलायचा खात्याचा अधिकार शाबूत आहे.

७. आम्ही दोघं एच-१बी आणि एच-४ वर, बाळ होणार आहे, त्याला सिटिझनशिप मिळेल ना?

हा प्रश्न गेल्या वर्षात मला सगळ्यात जास्त वेळा आला, बहुतेक वेळा रात्री, आणि विचारणारी बहुतेक आईच.

२० जानेवारी २०२५ ला राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला की आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील सिटिझन किंवा ग्रीन कार्डधारक नसतील तर इथे जन्मलेल्या बाळाला नागरिकत्व नाही. म्हणजे एच-१बी, एफ-१ (स्टुडंट व्हिसा) वाले आईबाप थेट यात आले. तीन दिवसांत सिॲटलच्या डिस्ट्रिक्ट कोर्टानं तो थांबवला, पाठोपाठ मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायरनं. मग २७ जून २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध तीन असं सांगितलं की डिस्ट्रिक्ट जजांनी अख्ख्या देशासाठी सरसकट मनाई देऊ नये. त्या दिवशी लोकांना वाटलं आदेश लागू झाला. नाही झाला! सुप्रीम कोर्ट मनाई किती जणांना लागू करता येते एवढ्यावरच बोललं होतं, नागरिकत्वावर नाही. त्यानंतर न्यू हॅम्पशायरच्या कोर्टानं १० जुलैला देशभरातल्या बाळांचा एक गट धरून क्लास ॲक्शनमध्ये मनाई दिली.

अपील कोर्टांचं म्हणाल तर नववं सर्किट २३ जुलैला दोन विरुद्ध एक म्हणालं की आदेश घटनेच्या विरुद्ध आहे, आणि पहिलं सर्किट ३ ऑक्टोबरला त्याच निष्कर्षाला आलं. दोघांनी आधार घेतला चौदाव्या घटनादुरुस्तीचा आणि १८९८ च्या वाँग किम आर्क निकालाचा. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेला तो माणूस चीनला जाऊन परत आला तेव्हा त्याला बोटीवरून उतरू देत नव्हते, आणि सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा इथे जन्मला, हा इथलाच.

५ डिसेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं न्यू हॅम्पशायरची केस ऐकायला घेतली, तीही अपील कोर्टाचा निकाल यायच्या आधीच वर खेचून. शेवटचा शब्द तिथला असेल. २०२५ च्या अखेरीस तरी आदेश कुणावरही लागू नव्हता, जन्माचा दाखला आणि बाळाचा पासपोर्ट नेहमीसारखाच काढायचा, आणि तो लगेच काढून ठेवा.

८. प्रायॉरिटी डेट करंट होती तेव्हा आय-४८५ भरला, मग डेट मागे गेली. कोर्टात जाऊन उपयोग होतो का?

आजवरचा अनुभव वाईट आहे, स्पष्ट सांगते.

ग्रीन कार्डच्या रांगेतली तुमची तारीख म्हणजे प्रायॉरिटी डेट, आणि कुठल्या तारखेपर्यंतच्यांचा नंबर लागला ते दर महिन्याचं सरकारी व्हिसा बुलेटिन सांगतं. ऑक्टोबर २०२० मध्ये बुलेटिनमधल्या तारखा पुढे सरकल्या आणि हजारो भारतीयांनी आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचे शेवटच्या टप्प्याचे अर्ज, भरले. नंतर तारखा मागे आल्या आणि अर्ज तसेच पडून राहिले. लोकांनी कोर्टात म्हटलं की कायद्यात अर्ज भरताना व्हिसा नंबर हवा एवढंच आहे, मंजूर करतानाही हवा हे खात्यानं वरून जोडलंय. नवव्या सर्किटनं २०२३ च्या शेवटी हे म्हणणं तपासून सांगितलं की दोन्ही वेळा नंबर हवा ही पद्धत कायद्याच्या विरुद्ध आहे असं दाखवता आलेलं नाही. आठव्या सर्किटनं (नेब्रास्काच्या केसेस इथेच येतात, प्रश्न ३ बघा) आणि पाचव्यानं २०२४ मध्ये मुद्द्यापर्यंत जायच्या आधीच दार लावलं. ग्रीन कार्ड देणं हा खात्याचा मर्जीतला निर्णय, तो कधी द्यायचा हेही त्यातच आलं, आणि अशा निर्णयांची तपासणी करायला कायद्यानं आम्हाला बंदी केली आहे, असं ते म्हणाले.

म्हणजे हरण्याची कारणं दोन वेगवेगळी, एकीकडे मुद्दा ऐकून नाकारला, दुसरीकडे मुद्दा ऐकायचा अधिकारच नाही. निकाल मात्र तिन्हीकडे एकच. आणि एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा संसदेनं घातली आहे, ती कुठलंच अपील कोर्ट काढू शकत नाही. कुणी वकील खात्री देऊन या मुद्द्यावर फी मागत असेल तर या तीन निकालांवर तुमचं काय म्हणणं आहे एवढंच त्यांना विचारा.

९. फॉर्मवर चुकून चुकीची टिक झाली तर अपील कोर्ट समजून घेतं ना?

हे नीट वाचा.

जॉर्जियातल्या एका भारतीय माणसानं ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जात ‘तुम्ही अमेरिकन सिटिझन आहात का’ या चौकटीत टिक केली. चुकून झाली असं त्याचं म्हणणं. पुढे ग्रीन कार्ड मागताना ती टिक समोर आली, इमिग्रेशन जजनं ‘चुकून’ यावर विश्वास ठेवला नाही. तो अकराव्या सर्किटपर्यंत गेला, तिथे सगळ्या जजांनी मिळून ऐकलं आणि सांगितलं की अशा प्रकरणात खाली ठरवलेली वस्तुस्थिती आम्हाला तपासताच येत नाही. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार असा तोच निकाल कायम केला. म्हणजे खालचा जज अगदी ढळढळीत चुकला असला तरी वर दाद नाही. कायद्याचा प्रश्न असेल तर वर नेता येतो, ‘मी खरं बोलत होतो’ हा नेता येत नाही.

लायसन्सच्या ऑफिसात, मतदार नोंदणीच्या टेबलावर, ऑनलाइन नोकरीच्या फॉर्मवर, ती चौकट आली की हात थांबवा. आईवडील आलेले असतील तर त्यांचा फॉर्म तुम्ही वाचा, समोरच्या माणसाला भरू देऊ नका.

१०. मुंबई कॉन्सुलेटनं व्हिसा नाकारला, अमेरिकेत केस करता येते का?

नाकारण्याविरुद्ध जवळजवळ नाहीच. कॉन्सुलर ऑफिसरच्या निर्णयात कोर्टं पडत नाहीत हा जुना नियम आहे. नवव्या सर्किटनं त्यात एक फट पाडली होती, लॉस एंजेलिसमधल्या एका अमेरिकन बाईच्या एल साल्वाडोरच्या नवऱ्याला व्हिसा नाकारला तेव्हा बायकोला कारण समजायचा हक्क आहे असं म्हणून. जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती फट बुजवली, नवऱ्याला देशात आणता येणं हा सिटिझनचा मूलभूत हक्क नाही असं सांगून.

उशिराविरुद्ध, म्हणजे २२१-जी ची (अजून कागद किंवा तपासणी बाकी आहे असं सांगणारी) स्लिप हातात देऊन महिनोन्‌महिने काहीच न कळवल्याविरुद्ध, लोक डिस्ट्रिक्ट कोर्टात केस घालतात आणि काही वेळा केस घातल्यावर फाइल हलते. पण डीसी सर्किटनं २०२४ मध्ये एका केसमध्ये सांगितलं की २२१-जी हाही नकारच, ऑफिसरचं काम झालं. तो निकाल ‘अनपब्लिश्ड’ आहे, त्याचा अर्थ प्रश्न १४ मध्ये.

११. एच-१बी ची एक लाख डॉलर फी कोर्टानं रद्द केली म्हणे?

२०२५ च्या अखेरपर्यंत तरी नाही. १९ सप्टेंबर २०२५ ची ती राष्ट्राध्यक्षांची घोषणा, २१ तारखेपासूनच्या नव्या पिटिशन्सना लागू. २३ डिसेंबर २०२५ ला वॉशिंग्टन डीसीच्या डिस्ट्रिक्ट कोर्टानं सरकारच्या बाजूनं निकाल दिला, त्यावर डीसी सर्किटमध्ये अपील झालं. अपील कोर्टाचा निकाल म्हणून जे फिरतंय ते बघताना वर कोर्टाचं नाव वाचा.

१२. टॅरिफचा निकाल २०२५ मध्ये लागला तरी टॅरिफ चालूच कसं राहिलं? माझ्या काकांचा अंधेरीला सीप्झमध्ये दागिन्यांचा कारखाना आहे.

२९ ऑगस्ट २०२५ ला फेडरल सर्किटनं, सगळे जज बसून, सात विरुद्ध चार असा निकाल दिला की १९७७ च्या आणीबाणीच्या आर्थिक अधिकारांच्या कायद्यात असलं टॅरिफ लावायचा अधिकार बसत नाही. केस घालणाऱ्यांत न्यू यॉर्कचा एक छोटा वाइन आयातदार होता. गंमत म्हणजे त्याच्या दोनच दिवस आधी, २७ ऑगस्टला, भारतावरचं टॅरिफ ५० टक्क्यांवर गेलं होतं. त्यातला रशियन तेलाचा वाढीव २५ टक्क्यांचा भाग या केसमध्ये नव्हता, पण तोही त्याच कायद्याच्या आधारावर लावलेला.

चालू राहिलं याचं कारण कोर्टानं निकालाची अंमलबजावणी १४ ऑक्टोबरपर्यंत रोखून धरली, सरकारला वर जायला वेळ मिळावा म्हणून, आणि सुप्रीम कोर्टानं ५ नोव्हेंबरला युक्तिवाद ऐकले. स्टील, गाड्या यांच्यावरचं टॅरिफ दुसऱ्या कायद्याखाली आहे, त्याचा या निकालाशी संबंध नाही. काकांना सांगा, इथल्या आयातदाराकडे टॅरिफ भरल्याची कागदपत्रं नीट आहेत का बघा, कारण परतावा मिळाला तर तो भरणाऱ्याला मिळेल.

१३. निकाल लागला म्हणतात, मग पुन्हा ‘रद्द’ म्हणतात. नक्की लागू कधी होतो?

निकालपत्र आलं त्या दिवशी नाही. अपील कोर्ट ‘मँडेट’ नावाचा एक कागद खालच्या कोर्टाला पाठवतं, तो गेला की निकाल अमलात. हरलेल्या बाजूला पुनर्विचार मागायला १४ दिवस असतात, सरकार पक्षकार असेल तर दिवाणी केसमध्ये ४५, आणि ती मुदत संपल्यावर सात दिवसांनी मँडेट निघतो. मधेच कुणी स्थगिती मागितली तर आणखी लांबतं.

आणि एन बँक. पाचव्या सर्किटमध्ये २ सप्टेंबर २०२५ ला तीन जजांनी दोन विरुद्ध एक असं ठरवलं की १७९८ चा शत्रू-परकीयांचा कायदा व्हेनेझुएलाच्या टोळीच्या नावाखाली लोकांना देशाबाहेर काढायला वापरता येणार नाही. मोठ्या बातम्या झाल्या. त्याच महिन्याच्या ३० तारखेला सगळ्या जजांनी केस पुन्हा ऐकायचं ठरवलं, आणि तिथल्या नियमानं तसं ठरताच आधीचा निकाल गळून पडतो. चार आठवडे जगला तो निकाल, फॉरवर्ड मात्र अजून फिरतायत.

१४. निकालावर ‘नॉट प्रेसिडेन्शियल’ (Not Precedential, पुढच्या केसेससाठी दाखला नाही) लिहिलंय, खोटा आहे का?

खरा आहे, फक्त त्या दोन पक्षकारांपुरता. आमच्या तिसऱ्या सर्किटच्या पीडीएफवर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत तसं लिहिलेलं असतं, नवव्यात ‘नॉट फॉर पब्लिकेशन’, पाचव्यात ‘अनपब्लिश्ड’. बहुतेक निकाल याच जातीचे असतात. २००७ पासूनचे असे निकाल वकील दाखवू शकतात, जज ते वाचतातही, पण पुढच्या केसमध्ये मानलेच पाहिजेत असं नाही. प्रश्न १० मधला २२१-जी चा निकाल असाच, तरी डीसीतले बरेच डिस्ट्रिक्ट जज त्याच्याच वाटेनं जातात, म्हणून ‘बंधनकारक नाही’ याचा अर्थ ‘सोडून द्या’ असा घेऊ नका.

१५. नववं एक म्हणतं, पाचवं उलट म्हणतं, मग कायदा कुठला?

दोन्ही, आपापल्या हद्दीत. एकाच देशात, एकाच कायद्याचा, सॅन होजेला एक अर्थ आणि डॅलसला दुसरा, असं वर्षानुवर्षं चालू शकतं. सुप्रीम कोर्ट केस घेतं तेव्हा बऱ्याचदा कारण हेच असतं. म्हणून नोकरीसाठी राज्य बदलताना कोर्टात काही चालू असेल तर वकिलांना आधी सांगा. डिपोर्टेशनच्या केसमध्ये तर इमिग्रेशन जजनं सुनावणी जिथे पूर्ण केली तिथलं सर्किट लागतं, तुम्ही नंतर कुठे राहायला गेलात ते नाही.

१६. सुप्रीम कोर्टानं केस घेतली नाही म्हणजे अपील कोर्ट बरोबर असं म्हणाले का?

नाही. एच-४ च्या वेळी आनंदात सगळ्यांनी तेच लिहिलं, पण नकार म्हणजे ‘आम्ही ऐकत नाही’ एवढंच. डीसी सर्किटचा निकाल उभा राहतो, बाकीच्या सर्किटांवर बंधन येत नाही, उद्या दुसऱ्या कुणी दुसरीकडे तोच मुद्दा काढला तर तिथलं कोर्ट वेगळं बोलू शकतं.

१७. अपील करायला किती दिवस असतात?

दिवाणी केसमध्ये ३० दिवस, सरकार पक्षकार असेल तर ६०. फी ६०५ डॉलर. डिपोर्टेशनच्या अंतिम आदेशाविरुद्ध अपील कोर्टात जायला ३० दिवस, आणि ते आदेशाच्या तारखेपासून मोजायचे, पत्र घरी आल्यापासून नाही. अपील कोर्टाकडून सुप्रीम कोर्टात जायला ९० दिवस.

एकदा आमच्याकडे एक जोडपं एकतिसाव्या दिवशी आलं होतं. पाकीट घरात पडून होतं, भारतातून सासरे आलेले, गडबडीत ते किराण्याच्या कुपनांच्या गठ्ठ्यात गेलं. सरकारी पाकीट आलं की त्याच दिवशी उघडा, पाकीटसुद्धा जपून ठेवा आणि त्यावरच्या शिक्क्याचा फोटो काढा.

१८. निकाल स्वतः कुठे आणि कसा वाचायचा? मला कायद्यातलं काही कळत नाही.

प्रत्येक सर्किटच्या वेबसाइटवर ‘ओपिनियन्स’ मध्ये निकाल फुकट असतात. बाकीचे कागद पेसर नावाच्या सरकारी साइटवर, पानाला १० सेंट, एका कागदाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तीन महिन्यांत ३० डॉलरच्या आत राहिलात तर काहीच लागत नाही.

पीडीएफ उघडल्यावर पहिलं पान बघा. वर कोर्टाचं नाव, मग केस नंबर, मग युक्तिवादाची तारीख आणि निकालाची तारीख, मग कुठल्या डिस्ट्रिक्ट कोर्टाकडून आली, मग तीन जजांची नावं. ‘नॉट प्रेसिडेन्शियल’ आहे का तेही इथेच. मग थेट शेवटाकडे जा. ‘अफर्म्ड’ म्हणजे खालचा निर्णय कायम, ‘रिव्हर्स्ड’ म्हणजे उलटवला, ‘व्हेकेटेड अँड रिमांडेड’ म्हणजे पुसून परत खाली पाठवला, पुन्हा ठरवा म्हणून. ‘डिसेंट’ असं शीर्षक आलं की त्यापुढचं सगळं हरलेल्या जजचं मत आहे, तो कायदा नाही, कितीही जोरदार लिहिलेलं असलं तरी, आणि व्हॉट्सॲपवर येणारे स्क्रीनशॉट बऱ्याचदा नेमके याच पानांचे असतात.

मग मधलं वाचा. इंग्रजी जड वाटलं तर सुरुवातीचे दोन परिच्छेद तरी, केस काय आणि आम्ही काय ठरवतोय हे बहुतेक जज तिथेच सांगून टाकतात. एच-४ चा २०२४ चा निकाल छोटासा आहे, सुरुवातीला तो घ्या, एका बैठकीत होतो.